घरात तीन कुत्री : शिस्त, फेरफटका आणि पोटपाणी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



या मालेत आतापर्यंत मधुमेह, इच्छापत्र आणि गच्चीवरची बाग असे तीन विषय झाले. चौथा विषय कुत्र्यांचा ठेवला आणि बोलायला मला उभं केलं. मी काही प्राण्यांचा डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, आकडेमोड केली. पण तळमजल्यावर आमच्या घरी तीन कुत्री आहेत आणि ती आपल्या सर्वांना माहीत आहेत. काहींना आवडतात, काहींना नाही. दोघांसाठीही आज बोलणार आहे.

आधी तिघांची ओळख. मोती गावठी, वय नऊ, वजन अठरा किलो. एका पावसाळ्यात आपल्याच पार्किंगमध्ये आलेलं पिल्लू. राणी करवानी जातीची, वय पाच, बावीस किलो. सासुरवाडीकडून, लातूर जिल्ह्यातून आली. ब्रुनो लॅब्रॅडॉर, वय सात. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि ब्रुनो आमच्याकडे राहिला.

राणीकडे बघून पुष्कळजण विचारतात, "काका, हिला खायला घालत नाही का?" अहो, ती जातच तशी. करवानी म्हणजे शिकारीसाठी पळणारं कुत्रं. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. हिच्या दोन-तीन फासळ्या दिसल्या तर तब्येत उत्तम समजायची. पलीकडे कर्नाटकातला मुधोळ हाउंड हा हिचा सख्खा भाऊबंदच. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली आणि इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली, असं सांगतात. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे लष्कराने मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आपण मात्र बर्फातल्या देशातलं केसाळ हस्की आणतो आणि दापोडीच्या मे महिन्यात त्याला फ्लॅटमध्ये ठेवतो. कुत्रं निवडताना आपली हवा, आपली जागा आणि आपले गुडघे, या तिन्हींचा विचार करावा.

आता पोटपाण्याचं. एक कुत्रं असलं तर ताट ठेवलं की काम झालं. तीन असली की तो समारंभ होतो. आमच्याकडे तिघांची भांडी वेगळी, जागा वेगळ्या. मोती स्वयंपाकघराच्या दारात, राणी गॅलरीत, ब्रुनो हॉलच्या कोपऱ्यात. एकमेकांच्या ताटात तोंड घालता येणार नाही एवढं अंतर. घरातल्या कुत्र्यांची भांडणं बहुतेक वेळा अन्नावरून, हाडकावरून किंवा माणसाच्या मायेवरून होतात. त्यातलं अन्नाचं भांडण आपल्या हातात आहे. ताट ठेवायच्या आधी तिघांनी बसायचं. मग नाव घेऊन एकेकाला वाढायचं. पंधरा-वीस मिनिटांत ज्याने खाल्लं नाही त्याचं भांडं उचलायचं. पुढची वेळ संध्याकाळी. दिवसभर भरलेलं ताट ठेवलं की कोण किती जेवलं हे कळत नाही. आणि कुत्रं आजारी पडतं तेव्हा पहिली खबर ताटच देतं. तीन जण एकाच परातीत जेवत असतील तर ती खबर आपल्यापर्यंत पोचतच नाही.

जेवणात काय? सकाळी तयार खाद्य, मोजून. संध्याकाळी घरचं : भात किंवा नाचणी, उकडलेलं चिकन किंवा अंडं, लाल भोपळा, गाजर. मीठ-मसाला नाही. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रं जगतं, पण नीट पोसलं जात नाही. त्याला प्रथिनं लागतात, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. फक्त घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून डॉक्टरांना विचारून भर घालावी.

काय द्यायचं नाही, ते मात्र लिहून फ्रिजवर चिकटवा. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ. ही कुत्र्याला विषासमान. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. शिजवलेलं हाड नको. त्याच्या काचेसारख्या चिरफळ्या होतात आणि आतड्यात रुततात. रविवारी मटणाची हाडं प्रेमाने खाली आणून देणाऱ्या वहिनींना मी हात जोडतो तो याचसाठी.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. भाव तोच ठेवावा, तूप जरा कमी करावं! ब्रुनो आमच्याकडे आला तेव्हा अडतीस किलोचा होता. जिना चढताना धापा टाकायचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ताट मोजून कमी केलं, फेरी वाढवली. आठ महिन्यांत तेहेतीसवर आला. मी वहीत दर महिन्याला वजन लिहितो. वजनकाट्यावर आधी मी एकटा उभा राहायचो, मग त्याला उचलून. आता माझ्या कंबरेला तेवढं जमत नाही, म्हणून दवाखान्यातल्या काट्यावर नेतो.

दुसरी गोष्ट फेरफटक्याची. घरात कितीही लाड करा, कुत्र्याला बाहेरचा वास लागतो. आपण पेपर वाचतो तसं ते खांब न् खांब हुंगून वाचतं. त्याला ओढत नेऊ नका, वाचू द्या.

आम्ही पहाटे सव्वापाचला निघतो. तेव्हा पहिल्या लोकलवाल्यांचीच काय ती वर्दळ असते. एका हातात तीन पट्टे मी कधी धरत नाही. मोती आणि ब्रुनो पहिल्या फेरीला, राणी एकटी दुसऱ्या फेरीला. कारण राणीला मांजर दिसलं की तिचे कान बंद होतात आणि पाय सुरू होतात. शिकारी जातीचं कुत्रं कितीही शिकवलेलं असो, एकीकडे रेल्वेरूळ आणि दुसरीकडे मुंबई-पुणे रस्ता असलेल्या आपल्या दापोडीत त्याचा पट्टा सोडायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा एस.टी.च्या कार्यशाळेच्या बाजूलाही सकाळी शांतता असायची. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या स्टेशनात मेट्रो थांबू लागली. सोय झाली, तशी वर्दळही वाढली. सी.एम.ई.ची हद्द लष्कराची, तिकडे आत जाण्याचा प्रश्नच नाही. मुळा-पवनेच्या काठाला नेतो, पण पाण्यात उतरू देत नाही. त्या पाण्याची आजची अवस्था आपण हॅरिस पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावून बघतोच.

उन्हाळ्यात एक सोपी कसोटी. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंज्यालाही बसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापांवर अंग थंड करतं. म्हणून भर दुपारी फेरी नाही. जेवणानंतर तासभर पळापळ नाही, विशेषतः खोल छातीच्या कुत्र्यांना. त्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. पावसाळ्यात परत आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायची. गोचीड तापाने आपल्या भागात पुष्कळ कुत्री जातात. जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या की वाट बघू नका, रक्त तपासा.

तिसरी गोष्ट शिकवण्याची. रशियाच्या पावलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी. त्याच कामात त्यांच्या लक्षात आलं की अन्न यायच्या आधीच, ते येणार याची खूण मिळताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. सगळं शिक्षण या एका गोष्टीवर उभं आहे. खूण आणि बक्षीस यांची सांगड. बक्षीस लगेच हवं. कुत्र्याचं पासबुक त्याच क्षणी भरावं लागतं. पाच मिनिटांनी दिलेलं बिस्कीट भलत्याच खात्यात जमा होतं!

आमच्याकडे शब्द चारच : बस, थांब, ये, सोड. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. आजोबा म्हणणार "बस", नातू म्हणणार "सीट", आजी म्हणणार "बैस गं बाई", तर त्या बिचाऱ्याने काय करावं? रोज पाच-पाच मिनिटं, दोनदा. आधी एकेकाला वेगळ्या खोलीत शिकवायचं, मग दोघांना, मग तिघांना एकत्र. तिघांना एकदम शिकवायला बसलं तर तीन कुत्री मिळून माणसालाच शिकवतात. मारायचं नाही. मारलेलं कुत्रं शिस्त शिकत नाही, हात बघून दबकायला शिकतं, आणि दबकलेलं कुत्रंच पुढे चावतं. "ये" म्हटल्यावर ते उशिरा आलं तरी रागवायचं नाही. येण्याची शिक्षा झाली तर पुढच्या वेळी ते येणारच नाही.

आता ज्या विषयावर आपल्या वार्षिक सभेत आवाज चढले होते, तिकडे वळतो. कुत्र्यांना लिफ्टबंदी करावी असा ठराव आला होता. नियमाचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : बहुमतानेही संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तो कागद माझ्या खिशात होता. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण वडिलांनी उभं राहून विचारलं, "काका, तुमची कुत्री प्रेमळ असतील. पण माझ्या सहा वर्षांच्या मुलीला ते कसं कळणार?"

मित्रहो, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नाही. कागद खिशातच राहिला. त्या दिवशी मतदान झालं नाही; आम्ही आठ कुटुंबं आणि समिती, असे दोन रविवार बसलो आणि काही रिवाज ठरवले. ते आजही चालू आहेत, म्हणून नोंदीसाठी सांगतो. आवारात पट्टा कायम हातात. लिफ्टमध्ये कोणी आधी असेल तर विचारायचं. ते "नको" म्हणाले तर पुढच्या फेरीची वाट आपण बघायची, त्यांनी जिना चढायचा नाही. विष्ठा ज्याच्या कुत्र्याची त्याने उचलायची. सफाईवाल्या मावशींचं ते काम नव्हे. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना, यांची प्रत दरवर्षी कार्यालयात. रात्री दहानंतर भुंकणं पाच मिनिटांत थांबलं नाही तर शेजाऱ्याने दार वाजवावं, आणि दार उघडणाऱ्याने कपाळाला आठ्या घालू नयेत.

ती मुलगी अजूनही ब्रुनोला हात लावत नाही. लावलाच पाहिजे असं थोडंच आहे? पण आता ती लिफ्टने जाते. मला त्यात आपल्या संस्थेचा विजय वाटतो.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. आणि चावलं, किंवा नुसतं ओरखडलं, तरी घरी सांगायचं. मोठ्यांनी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. लगेच दवाखाना, आणि लशीचे सगळे डोस पूर्ण. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. कुत्रं ओळखीचं आहे, घरचं आहे, म्हणून सोडून देऊ नका. यात माझी तिन्हीही आली.

शेवटी थोडं माझ्या वयाच्या मंडळींशी. आपण शेअर सर्टिफिकेटवर नामनिर्देशन केलं, ठेवींवर केलं. कुत्र्याचं काय? पिल्लू आणलं तर दहा ते तेरा वर्षांची बांधिलकी. मी आज चौऱ्याहत्तरचा. हिशेब सरळ आहे, यापुढे नवं पिल्लू नाही. मी मागे-पुढे झालो तर ही तिघं रस्त्यावर यायला नकोत, म्हणून एक फाइल केली आहे. प्रत्येकाची लस, वजन, औषधं, काय खातो, कशाला घाबरतो. मोती फटाक्यांना घाबरतो, दिवाळीत न्हाणीघरात त्याचं अंथरूण टाकावं लागतं, तेही लिहिलंय. ब्रुनो मुलाकडे जाईल. राणीला माझी पुतणी नेणार आहे, तिच्याकडे शेत आहे. मोतीचं ठरत नव्हतं. म्हातारं गावठी कुत्रं कोण घेणार? गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे तेच तरुण वडील म्हणाले, "काका, मोतीचं नाव माझ्यासमोर लिहा. मुलगी तोवर मोठी होईल." मी लिहिलं. त्यांची सहीसुद्धा घेतली. बँकेची सवय, दुसरं काय!

ज्यांच्या घरी प्राणी आहेत त्या प्रत्येकाने अशी फाइल करावी आणि एक प्रत शेजाऱ्याकडे ठेवावी, एवढी एकच विनंती करून थांबतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!