हप्ता कुणाच्या ताटातला?

मैत्रिणींनो, मी गटाच्या वह्या लिहिते, त्यामुळे आज भाषणापेक्षा हिशेबच जास्त करणार आहे.

सावकाराकडून १०,००० रुपये घेतले, महिना शेकडा पाचने. दरमहा ५०० रुपये व्याज भरलं, वर्षात ६,००० गेले आणि मुद्दल तसंच! तेच बचत गटातून शेकडा दोनने घेऊन दरमहा हजार मुद्दल फेडलं, तर व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. पहिल्या महिन्यात २००, शेवटच्या महिन्यात २०. दहा महिन्यांत व्याज १,१०० आणि कर्ज फिटलं. म्हणून नुसतं 'हप्ता किती' विचारू नका, त्यात मुद्दल किती फिटतं ते विचारा.

पण हप्ता येतो कुठून? आधी आपल्या वाटणीचं दूध बंद होतं, मग दुखणं अंगावर काढलं जातं. नवऱ्याच्या तंबाखूला मात्र हात लागत नाही.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत, बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला विनातारण कर्ज देताना, घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. बघा, मिळकत मोजतात ती सगळ्या घराची. मग फेड एकट्या बाईची कशी? संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायलाही मनाई आहे.

पुढच्या बैठकीला घरातल्या प्रत्येकाची मिळकत आणि सगळे हप्ते एका कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. नवऱ्याला विचारावं लागेल, ते विचाराच.