लेकीचे पॉईंट आणि मुंबईतल्या तीन रात्री

धानाचं चुरणं चालू आहे, अंगावरचा कोंडा अजून निघायचा आहे, तरी रेडिओ लावलात, बरं वाटलं. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. अड्याळच्या बाया चेन हॉटेलच्या पॉईंटवर बोलणार म्हणे! आम्हालाही आधी हसूच आलं होतं. पण आमच्या बचत गटातल्या एका काकूंना मुंबईला न्यावं लागलं, आणि तीन रात्री कुठं काढायच्या हा प्रश्न आमच्यासमोर आला. काकू म्हणाल्या, सांगा सगळं, फक्त नाव घेऊ नका. सोबत आमच्यातली एकच गेली होती, बाकीच्या इथून फोनवर होतो. तरी सांगताना आम्ही असंच म्हणतो, कारण निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला, आणि चुकाही मिळूनच केल्या.

काकूंच्या छातीत गाठ होती. रोवण्याच्या दिवसांत हाताला लागली आणि रोवणा होऊ दे, मग बघू, असं म्हणत त्यांनी ती लपवली. नागपूरला दाखवलं. नागपुरात मानेवाडा रोडला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला दुसरं मोठं आहे. त्यामुळे प्रत्येकीनं मुंबईच गाठावी असं मुळीच नाही. काकूंच्या डॉक्टरांनी मात्र एकदा परळच्या टाटा हॉस्पिटलात मत घेऊन या म्हटलं. १९४१ सालापासून चालू असलेलं हॉस्पिटल, देशभरातून माणसं येतात. पहिल्या खेपेला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही. फाईल, तपासण्या, पुन्हा डॉक्टर, असं चालतं.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरच्या रुग्णांची आणि सोबतच्यांची सोय होते. गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, अमरावतीकडच्या शेंडगावचे. पण अशा ठिकाणी हॉस्पिटलचा कागद लागतो, आणि कागद फाईल झाल्यावरच मिळतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन रात्रींचं आपलं आपणच बघायचं.

काकूंची लेक पुण्यात कंप्युटर कंपनीत आहे. ती म्हणाली, आई, हॉटेलचे पैसे मी भरते. काकू ऐकेनात. लेकीचं खाऊ नये, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तिच्याकडं गेल्या तरी येताना नातवाच्या हातावर पैसे ठेवून येतात. शेवटी लेक म्हणाली, पैसे नाहीत गं, पॉईंट आहेत, नाही वापरले तर बुडतील. बुडणार म्हटल्यावर काकू तयार झाल्या. आपल्याकडं बुडू देत नाही कोणी काही!

आता हे पॉईंट म्हणजे काय ते सांगतो. कंपनी या पोरीला कधी हैदराबादला, कधी गुरुग्रामला पाठवते. खोलीचे पैसे कंपनी भरते, पण पॉईंट राहणाऱ्याच्या नावावर जमा होतात. किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाईकाला दिवाळीत डबा देतो ना, तसंच, फक्त इथं डब्याचा हिशेब मोबाईलवर ठेवतात. प्रत्येक साखळीचा हिशेब वेगळा. मॅरियटचे पॉईंट मॅरियटच्या घराण्यात चालतात, मग त्यातलं साधं फेअरफील्ड असो की महागडं जे डब्ल्यू. टाटांच्या ताज आणि जिंजर हॉटेलांत न्यूकॉइन चालतात, त्यातला एक कॉइन म्हणजे एक रुपया, सोपं काम. मॅरियटसारख्या ठिकाणी तसं नाही. तिथं एका रात्रीला किती पॉईंट लागतील ते रोज बदलतं, बाजारातल्या टमाट्यासारखं. आणि चोवीस महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉईंट जातात.

लेकीकडं सेहेचाळीस हजार पॉईंट होते. तिनं दोन जागा काढल्या. एक परळजवळचं पंचतारांकित, रात्रीला अडतीस हजार पॉईंट, रोख घेतली तर तीच खोली करासकट एकोणीस हजारांची. दुसरं अंधेरीला, विमानतळाच्या बाजूचं, रात्रीला पंधरा हजार पॉईंट किंवा सहा हजार रुपये. भागाकार केला तर पहिल्या ठिकाणी एका पॉईंटचे पन्नास पैसे येतात, दुसऱ्या ठिकाणी चाळीस. लेकीच्या ऑफिसातली मंडळी म्हणाली, पन्नासवालं घ्या, तिथं पॉईंटला भाव चांगला आहे.

आमच्या गटात त्यावर एक दिवसभर चर्चा झाली. आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, एकोणीस हजारांची खोली आपण कधी रोखीनं घेतली असती का? नाही ना? मग एकोणीस हजार वाचले कसे म्हणायचे? लग्नात शालू अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून पाच हजार वाचले म्हणतो, तसलाच तो हिशेब. आम्हाला रात्री हव्या होत्या, त्याही तीन. एका रात्रीत पॉईंट संपवून दुसऱ्या दिवशी कुठं जाणार? म्हणून अंधेरी ठरलं. तीन रात्री, पंचेचाळीस हजार.

इथवर डोकं बरोबर चाललं होतं. पुढं चुकलं.

विदर्भ एक्सप्रेस दुपारी भंडारा रोडहून निघते आणि सकाळी सकाळी मुंबईत उतरवते. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. सामान घेऊन थेट हॉस्पिटलात गेलो. दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत, काकूंच्या हातात फाईल, आमच्या हातात दोन बॅगा आणि चिवड्याचा डबा. खोली मिळायच्या आधीही सामान हॉटेलात ठेवून घेतात, विचारलं तर, हे नंतर कळलं. पण अंधेरीला सामान टाकून परत परळला यायचं म्हणजे सकाळ तिथंच गेली असती.

संध्याकाळी टॅक्सीनं निघालो. मैत्रिणींनो, मुंबईत सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडं जाते आणि संध्याकाळी उत्तरेकडं परतते. आमचाही रस्ता तोच, त्याच वेळचा. परळ ते अंधेरी, गुगलबाईनं सांगितलेली वेळ उलटून गेली तरी आम्ही पुलावरच. काकूंना मळमळायला लागलं.

हॉटेलात पोचलो तर काउंटरवरचा मुलगा विचारतो, ज्यांच्या नावानं बुकिंग आहे त्या कुठं आहेत? त्या म्हणजे लेक, ती त्या दिवशी कामासाठी चेन्नईला, तिसऱ्या दिवशी येणार होती. आमची आधार कार्डं दाखवली. तो म्हणाला, मॅडम, नाव जुळत नाही. वागणं उद्धट नव्हतं, पण खोलीही देईना. लेकीचा फोन मिटिंगमुळं बंद. काकू सोफ्याच्या कडेला बसलेल्या, पूर्ण टेकायला तयार नाहीत, लुगड्यानं सोफा मळेल म्हणून. पाऊण तास गेला. शेवटी लेकीचा फोन लागला, तिनं मेल पाठवला, मग दार उघडलं. तोवर आणखी एक मागणी आली, दोन हजार रुपये अनामत द्या. खोली पॉईंटची असली तरी खाण्यापिण्यासाठी अनामत मागतात, जाताना परत करतात. रोख होती म्हणून निभावलं.

खोलीबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. स्वच्छ संडास, बसायचा, काकूंच्या गुडघ्यांना तो मोठाच आधार. गरम पाणी, आतून कडी, लिफ्ट. दोन बाया एकट्या कशा, असं कोणी विचारलं नाही. चहाची केटली होती, तिच्यात पाणी तापवून गोळ्या घेतल्या. (केटलीत भात शिजवायचा विचार आमच्या मनात आला होता, खोटं कशाला बोलायचं. करू नका, केटली जळते.) गाठ सापडल्यापासून काकू त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपल्या. सोबतची म्हणते, मी दोनदा उठून श्वास चालू आहे का ते पाहिलं.

सकाळी खाली नाश्त्याचा थाट दिसला, इडलीपासून केकपर्यंत. फुकट असेल असं वाटून बसलो. पॉईंटच्या खोलीत नाश्ता धरलेलाच असतो असं नाही. दोघींचे पंधराशे झाले. पुढचे दिवस घरचा चिवडा आणि दशम्या.

परत आल्यावर आम्ही गटाच्या वहीत हिशेब मांडला. टॅक्सीच्या सहा खेपा, सरासरी साडेसहाशे, म्हणजे एकोणचाळीसशे. नाश्त्याचे पंधराशे. एकूण चोपन्नशे. आता पॉईंट नसते तर काय केलं असतं? दादर-परळ भागातलं साधं लॉज घेतलं असतं, अडीच हजार रुपयांचं, तीन रात्रींचे साडेसात हजार, आणि हॉस्पिटल हाकेवर. म्हणजे पंचेचाळीस हजार पॉईंट जाळून वाचले एकवीसशे रुपये. मोबाईल दाखवत होता अठरा हजार वाचले!

वही पाहून काकू म्हणाल्या, एकवीसशेच का? माझ्या लेकीनं किती रात्री बाहेर काढल्या असतील तेवढे जमवायला. त्यावर आम्ही कोणीच बोललो नाही. पॉईंट म्हणजे पैसे नाहीत, असं सांगून आम्हीच त्यांना तयार केलं होतं ना.

तरीही लॉजच घ्यायला हवं होतं असं आम्ही सगळ्या एकमतानं म्हणत नाही. सोबत गेलेली म्हणते, तपासणीसाठी सुई घातल्यावर काकूंना तिसऱ्या मजल्यावर जिना चढवून न्यायचं म्हणजे काय असतं ते तुम्ही वहीत कुठं लिहिणार? बाकीच्या म्हणतात, टॅक्सीतले दोन दोन तास कुठं लिहिणार? हा वाद अजून मिटलेला नाही. एवढं मात्र सगळ्यांना पटलं की आधी हॉस्पिटलपासूनचं अंतर बघायला हवं होतं, तारे आणि पॉईंट नंतर. त्याच साखळीचं दादर-शीवच्या बाजूला काही आहे का, हे आम्ही शोधलंच नाही. पॉईंटचा भाव किती, यातच दिवस घालवला.

तुमच्यापैकी कोणाच्या लेकाकडं, सुनेकडं, जावयाकडं असे पॉईंट पडून असतील तर बुकिंगच्या आधी कस्टमर केअरला फोन करायला सांगा, आणि राहणाऱ्या बाईचं नाव आधार कार्डावर आहे तसंच बुकिंगमध्ये घालून घ्या. नाश्ता धरलाय का, अनामत किती, खोलीत दोन वेगळे पलंग मिळतील का, तिसरं माणूस असेल तर जादा बिछान्याचे किती, हे त्याच फोनवर विचारा. मुख्य म्हणजे रद्द करता येणारं बुकिंगच घ्या. हॉस्पिटलच्या तारखा सरकतात. पॉईंटचं बुकिंग बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी रद्द केलं तर पॉईंट परत येतात, पण मुदत प्रत्येक हॉटेलची वेगळी, ती लिहून ठेवा. मुक्काम लांबणार असेल तर मॅरियटमध्ये पॉईंटवर सलग पाच रात्री घेतल्या की चारच रात्रींचे पॉईंट जातात. रोखीनं घ्याल तेव्हा कराचंही बघा, रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला आता पाच टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की अठरा.

आणि रेल्वेचं राहिलंच. हॉस्पिटलचा सवलतीचा फॉर्म भरून घेतला तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकिटात पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. पहिल्या खेपेला आमच्याकडं फॉर्म नव्हता, पूर्ण भाडं भरलं. दुसऱ्या खेपेला फॉर्म होता.

चौथ्या दिवशी कागद हातात आला आणि धर्मशाळेत जागा मिळाली. लेक तिसऱ्या दिवशी आलीच होती, तिनं आईचं सामान स्वतः उचललं. निघताना काकूंनी हॉटेलातली साबणाची छोटी वडी आणि शाम्पूच्या बाटल्या पिशवीत टाकल्या, काउंटरवर विचारून. आता उपचार चालू झाले आहेत. केस गेलेत, डोक्याला रुमाल बांधून मीटिंगला येतात आणि कर्जाच्या हप्त्याला उशीर झाला की पूर्वीसारख्याच रागावतात.

पुढची खेप संक्रांतीनंतर. यावेळी धर्मशाळेत जागा नसेल तर लॉज, तेही नसेल तर लेकीकडं उरलेले हजारभर पॉईंट काही कामाचे नाहीत, म्हणून रोख बाजूला काढून ठेवली आहे. लेकीनं आणखी एक केलं. त्या साखळीचं सभासद व्हायला पैसे लागत नाहीत, तर तिनं आईच्या नावानं, आईच्या मोबाईल नंबरवर वेगळं खातं उघडून दिलं. काकू ते उघडून आम्हाला दाखवतात. नाव इंग्रजीत, खाली शून्य. एकदा विचारत होत्या, धर्मशाळेत राहिलं तर यात काही पडतं का गं?

पुढच्या आठवड्यात आपल्या गटातल्या दोघी कोशाच्या करवती साडीबद्दल बोलणार आहेत, खरी कशी ओळखायची ते. ज्यांच्याकडं सासूची जुनी करवती असेल त्यांनी घेऊन या. नमस्कार.