रंगउद्योगातील कामगार आणि मूत्राशयाचा कर्करोग

(कारखाना वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात अर्बुद आढळल्याचे जाहीर केले. पुढे बेंझिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारखी अॅरोमॅटिक अमाइन्स त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. ही द्रव्ये श्वासावाटे जातात, तशीच त्वचेतूनही शिरतात. यकृतात त्यांचे रूपांतर होते आणि मूत्राबरोबर ती मूत्राशयात येऊन साठतात. तोंडाला फडके बांधले की झाले, ही पर्यवेक्षकांची समजूत म्हणूनच घातक आहे.

अहमदाबादच्या कामगारांवरील १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बेंझिडीन बनविणाऱ्यांच्याच नव्हे, तर त्यावर आधारित रंग हाताळणाऱ्यांच्याही मूत्रात त्याचे अंश सापडले. त्याच दशकात आपल्याकडे अशा अनेक रंगांवर बंदी आली. परंतु बंदीने प्रश्न मिटत नाही. संपर्क आणि रोग यांत वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. त्या वेळी पिंपांत हात घालणारा तरुण आज रुग्ण म्हणून आपल्यापुढे येतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक वृद्ध माझ्याकडे आला होता. लघवीतून रक्त जाई, वेदना नव्हती, म्हणून त्याने सहा महिने अंगावर काढले. केसपेपरवर त्याच्या विडीची नोंद होती. धूम्रपान हे या रोगाचे मोठे कारण आहेच. पण विडीची नोंद झाली की पुढे कोणी विचारीत नाही. त्याने अकरा वर्षे रंग वाळविण्याचे काम केले होते. रंगाचा क्रमांक त्याला पाठ होता, रसायनाचे नाव मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. कारखाना बंद झालेला. हजेरीपट ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार कोठे, ते कोणास ठाऊक.

धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची तपासणी त्याने ते काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांच्या आत पुनःपुन्हा व्हावी, अशी तरतूद कारखाना अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती आहे. पण ज्याचा पत्ताच नोंदलेला नाही, त्याला तपासणीस बोलावणार कसे? तेव्हा काम सोडणाऱ्या प्रत्येकाच्या, विशेषतः ठेकेदारी कामगाराच्या हाती, हाताळलेल्या रसायनांची नावे व कालावधी लिहिलेला कागद आपण स्वतःच्या सहीने द्यावा, आणि त्याची एक प्रत आपल्या दप्तरी ठेवावी.