सात वर्षांच्या हाती कोणते पुस्तक?

(सोलापूर येथे सात रस्ता परिसरात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सात रस्ता येथे जसे सात दिशांचे रस्ते एकत्र येतात, तशाच सोलापुरात भाषाही एकत्र येतात. पूर्व भागातील विणकराच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या आजोळी कन्नड, गल्लीत मराठी आणि शाळेत बहुधा इंग्रजी. एवढ्या भाषा कानावर पडणारे मूल खरे तर भाग्यवान म्हणावयास हवे. परंतु पहिली-दुसरीतल्या अशा मुलापुढे गोष्टीचे पुस्तक ठेवले की अनेकदा निराळेच चित्र दिसते. चार भाषा बोलणारे ते मूल एकाही भाषेतील पान सलग वाचू शकत नाही.

याचा दोष मुलाला देण्याची घाई होते. पण आधी त्याच्या हाती दिलेले पुस्तक पाहिले पाहिजे. सुसंस्कृत घरात मुलाच्या सातव्या वाढदिवसाला हमखास येणारी भेट म्हणजे ‘श्यामची आई’ किंवा एखाद्या थोर पुरुषाचे संक्षिप्त चरित्र. हेतू निर्मळ असतो. मात्र साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक सात वर्षांच्या मुलाने एकट्याने वाचण्याचे नव्हेच. रोज रात्री एक याप्रमाणे मोठ्यांनी ते वाचून दाखवावे. त्याची रचनाच तशी रात्रींची आहे. चरित्रांची अडचण आणखी वेगळी. या वयात काळाचे भान आलेले नसते. शिवाजी महाराज आणि आजोबांचे आजोबा हे मुलाच्या लेखी एकाच दिवशी होऊन गेलेले असतात. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू या क्रमाने लिहिलेल्या बारीक टाइपाच्या पानांतून त्याला महापुरुष भेटत नाही, जोडाक्षरे तेवढी भेटतात.

मराठी वाचणाऱ्या मुलाची पहिली ठेच जोडाक्षराशीच लागते. काना-मात्रा सरावाच्या झाल्या तरी ‘कर्तृत्व’ किंवा ‘स्वातंत्र्य’ असा शब्द आला की वाचन थांबते. ते दोनदा थांबले की गोष्टीचा धागा सुटतो, आणि धागा सुटला की पुस्तक मिटते. म्हणून या वयासाठी पुस्तक निवडताना कसोटी साधी असावी. अक्षर मोठे व ठळक हवे, पानावर दोन-चारच वाक्ये हवीत, आणि चित्र असे हवे की अडलेल्या शब्दाचा अर्थ त्यातून उमगावा. दुकानातच मुलाकडून एक पान वाचून घ्यावे. पाचांहून अधिक शब्दांना ते अडखळले तर ते पुस्तक वर्षभराने घ्यावे, किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी वाचून दाखवावे. ही कसोटी ढोबळ आहे, पण मुखपृष्ठावर छापलेल्या वयापेक्षा अधिक खरी.

अशी पुस्तके मराठीत आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका प्रथम घ्यावी. आई, बाबा, आजी, आजोबा यांच्याविषयी एक लहान मुलगी आपल्या बोलीत सांगते, एवढेच त्यात आहे. कोणी कोणाला उपदेश करीत नाही. तरीही कुटुंब म्हणजे काय ते मुलाला कळते. त्यांचेच ‘बाबांच्या मिश्या’ मुले पुनःपुन्हा मागतात. बालसाहित्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तकेही स्वस्त आणि सचित्र असतात. प्रथम बुक्स ही २००४ साली सुरू झालेली संस्था आपल्या पुस्तकांवर वाचनाची पातळीच छापते. तीच गोष्ट मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत मिळते, ही सोय सोलापूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाने गोष्ट आधी अम्मेच्या तोंडून तेलुगूत ऐकली आणि मग मराठीत वाचली, तर अर्धा डोंगर आधीच चढलेला असतो. चेन्नईचे तूलिका प्रकाशनही नऊ भाषांत पुस्तके काढते.

‘किशोर’ मासिक घरात अवश्य असावे. बालभारती ते १९७१ पासून काढीत आहे. पण त्यातील बराच मजकूर तिसरी-चौथीनंतरचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याहूनही पुढचा. त्याची घाई करू नये.

आता संस्कारांचा प्रश्न. तो या मेळाव्यात उपस्थित होणारच, आणि व्हावाही. पंचतंत्राची जन्मकथा सर्वांना ठाऊक आहे. तीन मंद राजपुत्रांना शहाणे करण्याचे काम विष्णुशर्म्याने स्वीकारले आणि त्यांच्यापुढे सिंह, कोल्हा, माकड, मगर यांना उभे केले. शहाणपण शिकवायचे होते तरी त्याने गोष्टच पुढे केली. आजच्या कित्येक पुस्तकांत मात्र दीड पानाची गोष्ट आणि अर्ध्या पानाचे तात्पर्य असते, आणि वर पालक विचारतात, “काय शिकलास?” गोष्ट संपताच परीक्षा होणार, हे कळलेले मूल गोष्टीपासूनच दूर पळते. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक चौथीच्या गोंधळी वर्गात जातो आणि धडा बाजूला ठेवून गोष्ट सांगू लागतो. मुले आपोआप शांत बसतात. पुढे तो पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गासाठी गोष्टींची पुस्तके जमवतो. हे पुस्तक पालकांनी स्वतः वाचावे. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हाच विचार महाराष्ट्रात बोर्डी-कोसबाडपर्यंत नेला.

चिऊ-काऊची गोष्टही अशीच. लीळाचरित्रातही ती आढळते, म्हणजे किमान सातशे वर्षे ती मराठी मुलांना सांगितली जात आहे. इतकी वर्षे कोणी तिच्याखाली तात्पर्य छापले नव्हते.

एक उणीव मात्र खरोखर मोठी आहे. सोलापूरच्या मुलाला त्याच्या गावाच्या गोष्टी त्याला वाचता येतील अशा शब्दांत सहसा मिळत नाहीत. सिद्धरामेश्वरांच्या बालपणीची कथा पाहा. शेतात राखण करणाऱ्या मुलाकडे एक जंगम येतो आणि खायला मागतो. मुलगा दहीभात आणावयास घरी धावतो. परत येऊन पाहतो तो पाहुणा नाही. त्याला शोधीत ते पोर श्रीशैलपर्यंत चालत जाते. सात वर्षांच्या मुलाला यात समजणार नाही असे काय आहे? भुकेला पाहुणा, धावणारे पोर, लांबचा रस्ता. जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक पाहणाऱ्या मुलाच्या मनात ही गोष्ट आधीपासून अर्धी असते. याच गावात १९१० साली जन्मलेले आणि जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, तेही सनावळीतून नव्हे, एका प्रसंगातून सांगता येतील.

छापील पुस्तक येईल तेव्हा येवो. तोवर आजीने गोष्ट सांगावी, आईने किंवा बाबांनी ती मोठ्या अक्षरांत, पानाला दोन ओळी याप्रमाणे लिहावी आणि चित्रे मुलाने काढावीत. सोळा पाने पुरतात. पाने मधोमध दुमडून टाके घालावयास सुई-दोरा लागतो, आणि विणकरांच्या या गावात तो शोधावा लागत नाही.