मुठीत मावणारे इंजिन आणि त्याची दुरुस्ती
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हावड्याकडून आलेला आणि मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८७० साली ज्या जबलपुरात एकमेकांस मिळाले, तेथील मराठी घरांना आगगाडीचे कौतुक नवे नाही. आज मात्र मी बोलणार आहे ते मूळ इंजिनाच्या सत्याऐंशी पटींनी लहान असलेल्या इंजिनाविषयी. हा पोरखेळ आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी पुण्यास कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहावे. ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले.

आपल्या मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद गोंदियाच्या अडीच फुटी मार्गावर वाफेच्या इंजिनाचे फायरमन म्हणून लागले व पुढे ड्रायव्हर झाले. २०१५ साली जबलपूरहून सुटणारी ती छोटी गाडी बंद झाली. त्यानंतर चिरंजिवांनी परदेशातून आणून दिलेले वाफेच्या इंजिनाचे चिमुकले प्रतिरूप हेच काकांचे इंजिन झाले. एके दिवशी तेही थांबले. ‘याचे भाग मिळत नाहीत, कपाटात ठेवा,’ असा सल्ला दुकानदाराने दिला. काकांना तो मानवला नाही, आणि इंजिन माझ्याकडे आले.

अशा इंजिनात मोटरच्या दांड्यावर मळसूत्री वर्म असतो. तो एका आसावरील दंतचक्र फिरवितो आणि बाकीची चाके जोडदांड्यांनी त्याच्यामागे फिरतात. वर्म चक्राला फिरवितो, पण बहुधा चक्र वर्माला फिरवू शकत नाही. म्हणून थांबलेले इंजिन हाताने रुळांवर ढकलणे म्हणजे दात मोडण्यास आमंत्रण होय. मुलांना हे आधी सांगावे. मोठ्यांनाही सांगावे लागते.

प्रथम ऐकावे. मोटर नुसती गुणगुणत असेल तर जुने ग्रीस गोंदासारखे घट्ट झाल्याचा संशय घ्यावा. काकांच्या इंजिनात मोटर छान फिरत होती, चाके जागीच होती. आस काढून पाहिला तो प्लॅस्टिकचे दंतचक्र उभे चिरलेले. पोलादी आसावर घट्ट बसविलेले असे चक्र वर्षानुवर्षे ताणाखाली राहते व शेवटी तडकते. गोंद लावून उपयोग नसतो. या जातीच्या प्लॅस्टिकला तो धरत नाही. तितक्याच दातांचे, त्याच मापाचे पितळी चक्र शोधावे लागले.

खरी कसोटी पुढेच. चक्र बदलण्यासाठी एक चाक आसावरून उतरवावे लागते, आणि परत बसविताना त्याचा कोन चुकला की जोडदांड्या अडकतात. येथे काका म्हणाले, “डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये नव्वद अंशांचे अंतर हवे. दोन्ही बाजू एकाच वेळी मृतबिंदूवर आल्या तर गाडी सुटायचीच नाही.” खऱ्या इंजिनाचा हा नियम या खेळण्याने जसाच्या तसा उचलला आहे. शिवाय सर्व आसांवर तो कोन तंतोतंत सारखा असावा लागतो. एकही आस किंचित निराळा असून चालत नाही. त्या संध्याकाळी माझ्या कोनमापकापेक्षा काकांच्या नजरेचाच अधिक उपयोग झाला.

वर्म आणि चक्र यांत केसाएवढी फट ठेवावी. आसाच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढेच तेल द्यावे, कारण ते रुळांवर सांडले तर चाकांना वीज नीट मिळत नाही. नंतर वरचे कवच न चढविता इंजिन अर्धा तास पुढे व अर्धा तास मागे, सावकाश चालवावे.

ही चाचणी काकांनी स्वतः घेतली. दहा मिनिटे झाली असतील, तोच त्यांनी वीज बंद केली आणि “डावी दांडी घासते आहे,” असे म्हणाले. मला काहीच ऐकू आले नव्हते. भिंग लावून पाहिले तेव्हा नव्या स्क्रूच्या डोक्यावर बारीकसा कंगोरा दिसला. तो कानशीने उतरविला आणि उरलेली पन्नास मिनिटे पुरी केली.