नव्याचे नऊ दिवस आणि दहावा दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी विचारले, की औषधोपचार आणि संगणक यांविषयी बोलण्याचा या गृहस्थांना अधिकार काय? प्रश्न रास्त आहे. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि पुढील आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीच्या गावांतून, फायली वाचण्यात गेले. परंतु फायली वाचणाऱ्या माणसाला एक सवय जडते. समोर आलेल्या प्रस्तावात दावा कोठे संपतो आणि पुरावा कोठे सुरू होतो, हे तो पाहू लागतो. कित्येकदा दावा दहा पानांचा असतो, पुराव्याच्या जागी ‘सोबत जोडला आहे’ एवढेच लिहिलेले असते, आणि सोबत काहीच जोडलेले नसते! त्याच सवयीने आज मी नव्या यंत्रांच्या आणि नव्या उपचारांच्या गाजावाजाकडे पाहणार आहे.

नव्याचे नऊ दिवस, अशी आपली म्हण आहे. तिचा अर्थ नवे ते टाकाऊ, असा मी करीत नाही. नऊ दिवस कौतुकाचे. दहाव्या दिवशी वस्तू कामाला लागते आणि तिची पारख होते. काही नव्या गोष्टी या पारखीला उत्तम उतरतात. मंडळातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की उन्हाळ्याच्या सुटीत गावी जायचे तर रेल्वेच्या आरक्षणासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहावे लागे, आणि परतीच्या तिकिटाचा घोर संपूर्ण सुटीभर मनाला लागून राही. १९८५ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला आणि हळूहळू ती सोय देशभर पसरली. त्या संगणकाने मानवजातीचे भवितव्य पालटण्याची घोषणा केली नव्हती. त्याने आपल्याला घरी जाण्याचे तिकीट दिले.

दुसरे उदाहरण औषधाचे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोजच्या संगतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे त्यामागील शास्त्र. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या ठरू शकणाऱ्या वैद्यकीय शोधांत केली. आज ती पुडी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. डॉ. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मरणोत्तर. खऱ्या कामाचा गाजावाजा पुष्कळदा असा उशिरा होतो.

आता याच्या उलट टोकाची हकीकत पाहू. २००३ साली अमेरिकेत एलिझाबेथ होम्स या १९ वर्षांच्या तरुणीने ‘थेरानोस’ नावाची कंपनी काढली. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर शेकडो तपासण्या होतील, असा तिचा दावा होता. कंपनीच्या संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री होते. कंपनीची किंमत एके काळी ९०० कोटी डॉलर मानली गेली. ते यंत्र मात्र स्वतंत्र तज्ज्ञांच्या हाती कधी पडले नाही. व्यापारी गुपित, हे त्याचे कारण सांगण्यात येई. ऑक्टोबर २०१५ मध्ये जॉन कॅरीरू या पत्रकाराने उजेडात आणले, की बहुसंख्य तपासण्या बाजारातील नेहमीच्या यंत्रांवरच होत होत्या. पुढे कंपनीला स्वतःच्या यंत्रावरील दोन वर्षांचे निकाल रद्द करावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल श्रीमती होम्स दोषी ठरल्या. पैसा बुडाला तो धनिकांचा. परंतु ज्या सामान्य माणसाने तो चुकीचा अहवाल उशाशी ठेवून रात्र काढली असेल, त्याचा हिशेब कोणी मांडावा?

थेरानोसच्या प्रकरणात लबाडी होती. पण सज्जनांच्या हातूनही, निव्वळ यंत्रावरील विश्वासापायी, अनर्थ घडतो. कर्करोगावर किरणोपचार करणारे ‘थेरॅक-२५’ हे यंत्र १९८०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडा येथील रुग्णालयांत बसविण्यात आले. त्याच्या आधीच्या नमुन्यात किरणांचा अतिरेक होऊ नये म्हणून विजेचे आणि लोखंडाचे प्रत्यक्ष अडसर होते. नव्या नमुन्यात ते काढून टाकून ती जबाबदारी संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविण्यात आली. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना ठरविलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण लागले आणि त्यांतील काहींचा त्यात अंत झाला. टेक्सासमधील टायलर या गावी असे दिसले, की यंत्र चालविणारी तंत्रज्ञ चुकून दाबलेले एक अक्षर झटपट दुरुस्त करी, तेव्हा आज्ञावली गोंधळून जाई. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच उमटे. रुग्ण वेदनेने ओरडत होता, आणि यंत्र सांगत होते की मात्रा कमी पडली! उत्पादकांचे म्हणणे असे, की अतिरिक्त मात्रा जाणे शक्यच नाही. शेवटी त्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्या तंत्रज्ञ बाईंनी पुनःपुन्हा तीच अक्षरे दाबून तो बिघाड सिद्ध करून दाखविला. माणसाचे ओरडणे खरे की यंत्राचा आकडा खरा, या प्रश्नाला तेथे कित्येक दिवस चुकीचे उत्तर दिले गेले, हे आपण ध्यानात ठेवावे.

आमच्या सरकारी जातीवर एक आरोप नेहमी होतो, की आम्ही फायली अडवून ठेवतो. तो पुष्कळदा खराही असतो. म्हणून ज्या बाईंनी फाईल अडविली आणि त्यामुळे असंख्य घरे वाचली, त्यांची हकीकत मला विशेष प्रिय आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ‘थॅलिडोमाइड’ नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. ते पूर्णपणे निर्धोक असल्याची जाहिरात होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही ते मिळे आणि गरोदर स्त्रिया मळमळीवर ते घेत. सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेत विक्रीच्या परवानगीसाठी अर्ज आला. तो फ्रान्सिस केल्सी या नुकत्याच रुजू झालेल्या अधिकारी बाईंच्या मेजावर पडला. साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर परवानगी मिळाली असे समजण्याचा तेव्हाचा नियम होता. श्रीमती केल्सी प्रत्येक वेळी लिहीत, की माहिती अपुरी आहे, आणखी पुरावा पाठवा. औषध घेणाऱ्या काहींच्या हातापायांच्या नसांना इजा होते असे एक पत्र त्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वाचले आणि विचारले, की मग गर्भावर काय परिणाम होतो? कंपनीच्या माणसांच्या भेटी, दूरध्वनी, वरिष्ठांकडे तक्रारी, सर्व काही झाले. बाई हलल्या नाहीत. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते औषध मागे घेण्यात आले. तोवर जगभरात जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक बालकांचे हातपाय त्या औषधाने खुंटविले होते. अमेरिकेत, डॉक्टरांना वाटलेल्या नमुन्यांमुळे झालेली थोडी प्रकरणे वगळता, हे संकट टळले. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी श्रीमती केल्सींचा गौरव केला, आणि त्याच वर्षी औषधाचा गुण पुराव्याने सिद्ध करणे तेथे कायद्याने सक्तीचे झाले.

या हकीकतीला एक पुरवणी आहे. तेच थॅलिडोमाइड आज कुष्ठरोगातील एका दाहक प्रतिक्रियेवर आणि मज्जेच्या एका कर्करोगावर कडक निर्बंधांखाली वापरले जाते. संशय घेणे म्हणजे कायमचे दार लावणे नव्हे. पुरावा आला की दार उघडावे, आणि ज्या मापाचा पुरावा असेल त्याच मापाने उघडावे.

हीच दृष्टी मी सध्या ज्याच्या नावाचा जयघोष चालला आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेला लावतो. २०१६ साली जेफ्री हिंटन या थोर संगणकशास्त्रज्ञाने सांगितले, की क्ष-किरणचित्रे वाचणारे डॉक्टर तयार करणे आता थांबवावे. पाच वर्षांत यंत्र ते काम अधिक चांगले करील. हिंटन यांना २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते डॉक्टर मात्र अजून आहेत आणि अनेक देशांत त्यांची उणीवच भासते आहे. उलट स्वीडनमध्ये ८०,०००हून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीत, यंत्राच्या साहाय्याने केलेले वाचन आणि दोन डॉक्टरांनी करावयाचे नेहमीचे वाचन यांची शिस्तीने तुलना करण्यात आली. २०२३ साली तिचे पहिले निष्कर्ष आले. रोग सापडण्यात उणेपण आले नाही आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. भविष्य वर्तविणे एक आणि तुलना करून पाहणे दुसरे. माझा विश्वास दुसऱ्यावर आहे.

बंधुभगिनींनो, हे सर्व आपल्या मंडळात सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की घरापासून दूर राहणारा माणूस गाजावाजाला अधिक सहज बळी पडतो. गावी आपल्या घराचा एक डॉक्टर असे. आजोबांचा दमा, आईचा रक्तदाब, आपला लहानपणचा गोवर, सर्व त्याला ठाऊक असे. ‘हे काही करू नका, आठ दिवस थांबा’ असे सांगण्याचा अधिकार त्याला होता. परमुलखात तो माणूस नाही. त्याची जागा जाहिरातीने, चकचकीत यंत्राने आणि भ्रमणध्वनीवर फिरत येणाऱ्या संदेशाने घेतली आहे.

त्यात भाषेची अडचण. आपल्याकडे येऊन राहिलेल्या आजींना विचारा, की काय होते आहे? त्या सांगतील, कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा येतो, उसण भरली आहे, छातीत भरून आल्यासारखे वाटते. यांतील प्रत्येक शब्दाचे निदान वेगळे. आपण येथील डॉक्टरांना त्यांच्या भाषेत वा इंग्रजीत सांगतो, ‘दुखते आहे’. झाले! उरलेली माहिती मिळविण्यासाठी मग तपासण्यांची यादी सुरू होते. यंत्र येण्यापूर्वीच निम्मे निदान आपल्या हातून गळून पडलेले असते.

जाहिरातींविषयी दोन गोष्टी सांगतो. ठरावीक रोग औषधाने बरे करण्याचा दावा जाहिरातीत करणे आपल्या देशात १९५४च्या कायद्याने निषिद्ध आहे. मधुमेह आणि कर्करोग हे त्या यादीत आहेत. तेव्हा मधुमेह मुळापासून घालविण्याची हमी देणारी जाहिरात दिसली, की उपचाराच्या आधी कायद्याची आठवण ठेवावी. दुसरी गोष्ट मूलपेशींची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताच्या काही विकारांवरील मूलपेशीरोपण सोडता मूलपेशींचा इतर वापर हा प्रयोग समजावा, आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. ज्यांच्या घरी दीर्घ आजार आहे त्यांच्या दाराशी हा बाजार प्रथम येतो. आपले मूल चालू लागेल, बोलू लागेल, असे कोणी म्हटले तर कोणता बाप घर गहाण ठेवणार नाही? त्याच्या आशेला मी हसत नाही. त्या आशेचा भाव लावणाऱ्याला मात्र प्रश्न विचारलेच पाहिजेत.

ते प्रश्न सोपे आहेत. याचा गुण कशाशी तुलना करून पाहिला? ती तुलना विकणाऱ्याने केली की ज्याला त्यात लाभ नाही अशा कोणी केली? चूक झाली तर ती कळणार कशी आणि जबाबदार कोण? आणि हे आता केले नाही, महिनाभर थांबलो, तर काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाला ‘आज पैसे भरले तर सवलत आहे’ असे उत्तर आले, तर छत्री घेऊन बाहेर पडावे. मात्र ‘उशीर केलात तर धोका आहे’ असे डॉक्टर कारणासह सांगत असतील, तर एक दिवसही दवडू नये. शंकेखोरपणाच्या नावाखाली लस टाळणे, सिद्ध झालेले औषध अर्धवट सोडणे, हाही एक भाबडेपणाच होय.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या सभासदांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, येथील भाषा उत्तम बोलणारी तरुण मंडळी आहेत. गणेशोत्सवाच्या समितीप्रमाणे एक छोटी समिती नेमावी. कोणाच्या घरी मोठा उपचार ठरत असेल, तर हिच्यातील एकाने रुग्णाबरोबर जावे, त्याचे मराठीतील दुखणे डॉक्टरांपर्यंत नेमके पोहोचवावे, हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहून आणावीत. याला कोणतेही नवे यंत्र लागत नाही. वही, पेन्सिल आणि आपला माणूस एवढे पुरते.

पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात माणसाला माणूस जोडून दिला. पुढील पन्नास वर्षांत यंत्रे पुष्कळ येतील, त्यांतील चांगली आपण आनंदाने घेऊ.