जाई फुलत का नाही?



आज जाईच्या वेलाबद्दल बोलू. जाई निराळी आणि जुई निराळी, हे आधी ध्यानात घ्या. जाईच्या एका देठावर लहान पानं समोरासमोर असतात. तिची कळी बाहेरून गुलाबी दिसते. उत्तरेकडे हिला चमेली म्हणतात. कनौज गावी हिचं अत्तर करतात.

पुष्कळ घरी जाईचा वेल असतो. मांडवावर चढतो, कौलांवर जातो, हिरवागार दिसतो. पण फूल म्हणाल तर एक नाही. दोन पावसाळे जातात. मग घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं, विटाळशीचा हात लागला. कुणी म्हणतं, धाकटीला मूल नाही, तिनं पाणी घातलं, मग वेल कसा फुलेल? वेल तर मुकाच. सूनही खाली मान घालून ऐकते. मग तिला पाण्याची कळशीसुद्धा त्या बाजूला नेऊ देत नाहीत. हे मी ऐकलं आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. हात कुणाचा, हे झाडाला कळत नाही. त्याला ऊन, पाणी आणि खत कळतं.

तेव्हा आधी ऊन पाहा. जाईला रोज निदान ५-६ तास ऊन हवं. आंब्याखाली लावलेला वेल फुलणार कुठून? तुम्हाला आता लिहिता येतं. वहीत लिहा, वेलावर ऊन किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं. चार दिवस लिहा. ती वही घरच्यांपुढे ठेवा.

मग पाणी. न्हाणीचं पाणी आपण वेलाकडे सोडतो. माती सदा ओली राहते, मुळं गुदमरतात. वरची माती सुकली की मगच पाणी घालावं. शेणखतही फार नको. फार खाल्लं की वेल पानांतच रमतो!

आता मुख्य गोष्ट, छाटणी. जाईची फुलं नव्या फुटीवर येतात. वर्षानुवर्षं न छाटलेल्या वेलाला फुलं कमी येतात. फुलांची शेती करणारे दरवर्षी छाटणी करतात. आपण मात्र कात्री लावायला भितो.

डिसेंबर सरता सरता छाटणी करावी. आधी पंधरा दिवस पाणी कमी करा. मग धारदार कात्रीनं वेल मांडीइतक्या उंचीवर कापा. वाळक्या, रोगट काड्या मुळापासून काढा. एवढा मोठा वेल खुंटासारखा दिसेल. सासूबाई ओरडतील, ओरडू द्या. बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं करा. त्यात कुजलेलं शेणखत दोन घमेली आणि चुलीतली राख मूठभर घाला. मग पाणी द्या. काही आठवड्यांत कोंब दिसतील. पावसाळ्याच्या तोंडाशी कळ्या येऊ लागतील.

लावून वर्षच झालं असेल तर वेलाला वेळ द्या. छाटलेल्या काड्या सगळ्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर कापून सावलीत ओल्या मातीत खोचा. काही धरतील. आणि छाटणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे पुढल्या वर्षी आठवेल.